आमची वाटचाल: खड्ड्यातला जॉइंट एकसारखा व्हावा म्हणून

१९९८ साली नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आम्ही पॅनल वायरिंगची कामं करायचो. केबल जॉइंटिंगकडे, म्हणजे जमिनीखालच्या विजेच्या केबल जोडण्याच्या कामाकडे वळलो ते एका जुन्या जॉइंटरमुळे. त्यांना सगळे काका म्हणायचे. कागदी केबलच्या (तेलात भिजवलेला कागद हेच इन्सुलेशन) शिशाच्या आवरणावर वायपिंग करणारे, म्हणजे वितळलेला धातू कपड्याने फिरवून सांधा बुजवणारे हात तेव्हाच कमी उरले होते. पहिली बारा-तेरा वर्षं आमचा धंदा काकांच्या हातावरच चालला.

२०११ च्या पावसाळ्यात अंबडच्या एका कारखान्यातला ११ केव्हीचा जॉइंट फुटला. आम्हीच मारलेला, पाच महिन्यांपूर्वी. दुरुस्ती करून दिली, फुटलेला जॉइंट कापून गाळ्यावर आणला आणि रात्री एकेक थर सोलला. एका फेजवर, काळा सेमीकॉनचा (अर्धवट वीज वाहून नेणारा) थर जिथे संपतो नेमकं तिथेच, इन्सुलेशनवर गोल चीर होती. जळालेल्या भागाच्या कडेला ती अजून दिसत होती, नखाला जेमतेम लागेल एवढी. सेमीकॉन कापताना ब्लेड खाली उतरलं होतं. त्या कडेला विजेचा ताण मुळातच सगळ्यात जास्त. चिरेत हवा अडकते, त्या हवेत बारीक डिस्चार्ज (ठिणग्या) सुरू होतो आणि तो इन्सुलेशन पोखरत जातो.

काम काकांच्या हाताखालच्या पोराचं होतं. त्याला मी रागावलो नाही. किती खोल कापायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "बघून शीक" एवढंच सांगितलं होतं, आणि ते सांगणारा मीच होतो.

"भाऊ, ब्लेड आत उतरलं की माझ्या हाताला कळतं," काका म्हणाले.

"तुमच्या हाताला कळतं काका. त्याच्या हाताला कसं कळणार?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग स्वतःहून मापं सांगायला लागले आणि मी लिहून घेतली. तेच आमचं पहिलं कार्ड.

जॉइंटच्या सामानाच्या तयार किटबरोबर सूचनांचा कागद येतोच, पण खड्ड्यात तो पहिल्या दहा मिनिटांत भिजतो. आम्ही मापं खऱ्या आकारात छापून लॅमिनेट केली. कार्ड केबलला लावायचं आणि तिथेच खूण करायची. किट बदललं की मापं बदलतात, म्हणून मिळेल ते किट घेणं बंद केलं. सेमीकॉन काढायला खोली बांधता येणारं स्ट्रिपर आणलं. पुसण्याचीही पद्धत ठरली: कंडक्टरकडून सेमीकॉनकडे, एकाच दिशेने, आणि एकदा फिरवलेला कपडा परत वापरायचा नाही. उलटा हात फिरला तर काळी पूड स्वच्छ इन्सुलेशनवर येते आणि विजेला वाट मिळते. आयएस १३५७३ या भारतीय मानकाप्रमाणे किटची टाइप टेस्ट (नमुन्याची चाचणी) होते, पण ते किट चढवणाऱ्या हाताची होत नाही. ती जबाबदारी आमची.

खरी कसोटी जुन्या कागदी केबलची. फॉल्ट झालेला तुकडा काढून मधे नवी एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनची केबल) टाकायची, म्हणजे एका दुरुस्तीला दोन ट्रान्झिशन जॉइंट, जुन्या-नव्या केबलला जोडणारे. कागदातलं तेल नव्या बाजूला झिरपू नये म्हणून प्रत्येक फेजवर ऑइल बॅरियर ट्यूब लागते, आणि तिन्ही फेज जिथे फाकतात तिथे पोकळी राहता कामा नये. पण त्याआधी कागद कोरडा आहे का ते बघावं लागतं. चिमट्याने कागदाची पट्टी काढायची, हात लावायचा नाही, कारण हाताचा घामही पुरतो. ती १३० अंशांच्या आसपास तापवलेल्या तेलात सोडायची. फेस आला की केबलमध्ये पाणी आहे. अजून मागे कापायचं. शटडाऊनची वेळ संपत आलेली असते, वरून "किती वेळ?" चालू असतं, आणि अशा वेळी हीच पायरी गाळली जाते. आमच्याकडे फेस बंद झाल्याची नोंद कार्डावर झाल्याशिवाय किट उघडत नाहीत. या अटीवरून आमची दोन कामं हातची गेली. अट बदलली नाही.

जुन्या केबलचे साइझही इंचांतले, कंडक्टर सेक्टर आकाराचे. बोल्ट तुटून घट्ट बसणारे कनेक्टर आल्यावर एकच कनेक्टर बऱ्याच साइझना चालू लागला आणि चुकीच्या डायने (साच्याने) क्रिम्पिंग, म्हणजे कनेक्टर दाबून बसवणं, होण्याची भीती गेली. टेस्टिंगमध्येही बदल केला. जुन्या एक्सएलपीईला डीसी हायपॉट (जास्त डीसी व्होल्टेज देऊन चाचणी) लावणं थांबवलं, कारण इन्सुलेशनमध्ये चार्ज अडकून राहतो आणि लाइन चालू केल्यावर नुकसान करतो. आता व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या एसीने चाचणी, ०.१ हर्ट्झ.

काका आता येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. तो पोरगा आज आमचा मुख्य जॉइंटर आहे. सिंहस्थासाठी रस्त्यांची खोदाई सुरू झाली तेव्हा द्वारका चौकाजवळ जेसीबीच्या बकेटखाली एक जुना जॉइंट उघडा पडला. त्यावर आमचा नंबराचा पितळी बिल्ला होता. नंबर फोनवर आला आणि मी कपाटातून कार्ड काढलं. मापं, फेस बंद झाल्याची वेळ, मेगरचं (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राचं) रीडिंग, सगळं होतं. सही त्याचीच. मी तेच कार्ड घेऊन खड्ड्यात उतरलो.