हातमोजे घ्यायला गेलो आणि तीन जोड्यांवर येऊन थांबलो

वॉटरप्रूफ हातमोजे म्हणजे पाणी आत येत नाही, एवढीच माझी समज होती. त्यामुळे पहिली जोडी घेताना लेबलवर तो शब्द बघितला, जाडजूड अस्तर चाचपलं आणि घेऊन टाकली. पहाटे शिकारीला दबा धरून बसायचं, दिवस वर आला की कुंपणाचं आणि लाकडं फोडायचं काम, दोन्हीला एकच जोडी पुरेल असा हिशोब. पहिल्याच पहाटे तो चुकला. सामान घेऊन चढ चढताना हाताला घाम फुटला, मग जागेवर जाऊन गप्प बसलो तर तोच घाम गार पडला आणि अर्ध्या तासात बोटं इतकी बधिर की जॅकेटची चेन लागेना. आणि गंमत म्हणजे बाहेरून थेंबभर पाणी आत गेलं नव्हतं!

पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, मग ते पाऊस-बर्फाचं असो की स्वतःच्याच घामाचं, बोटांना काय फरक पडतो. त्यात चेन लावायला हातमोजा काढला तर ओल्या बोटांना चिकटून अस्तर उलटं होऊन बाहेर आलं, आणि ते परत एकेका बोटात सारत बसलो तोवर उरलीसुरली ऊबही गेली. नंतर कळलं की स्वस्तातल्या बऱ्याच जोड्यांत वॉटरप्रूफ पिशवी बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये नुसती सोडलेली असते, नीट टाचलेली नसते. आता मी दुकानात पहिलं काम हेच करतो, बोटाच्या टोकाशी अस्तर चिमटीत धरून ओढून बघतो.

दुसऱ्या वेळी म्हटलं आता जास्त गरम घेऊ. थिन्सुलेट (ऊबदार अस्तराचा एक ब्रँड) 200 लिहिलेली जोडी घेतली, मला वाटलं हा आकडा म्हणजे काहीतरी तापमानाचा हिशोब असेल. तसं काही नाही, तो एक चौरस मीटर अस्तराचं ग्रॅममधलं वजन असतो. जोडी हाताला अगदी चपखल बसली म्हणून खूश होतो, तीच चूक. घट्ट हातमोज्यात अस्तर दबतं, त्यातली हवा जाते आणि ऊब तर त्या हवेचीच असते, शिवाय बोटांचा रक्तपुरवठाही आवळला जातो. म्हणजे जास्त जाड घेऊन जास्त गारठलो. मग शहाण्यासारखा टेपने तळहाताचा घेर मोजला, बोटांच्या सांध्यांवरून, अंगठा सोडून. 9 इंच भरला म्हणजे साइझ 9, पण आत पातळ लोकरीचा हातमोजा घालायचा तर 10 लागतो. हे आधीच केलं असतं तर एक जोडी वाचली असती.

याच जोडीवर हिमकणाचं एक चित्र होतं, खाली 2 2 X असं काहीतरी. ते ईएन 511 नावाचं युरोपातलं मानक निघालं. पहिला आकडा गार हवेसाठी, दुसरा गार वस्तूला हात लावण्यासाठी, दोन्ही 0 ते 4. तिसरा पाण्याचा, तिथे 1 असेल तर निदान अर्धा तास पाणी आत येत नाही, आणि X म्हणजे ती चाचणी केलेलीच नाही. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात वॉटरप्रूफ आणि मागे X, धन्य आहे! आणि लोखंडी तार, कुऱ्हाड, बंदुकीची नळी धरणाऱ्याने दुसरा आकडा आधी बघावा असं माझं मत आहे, कारण गार लोखंड हवेपेक्षा कितीतरी पटापट हात गोठवतं.

मधेच एक, गारठलेल्या बोटांत पाच-दहा मिनिटांनी अचानक ऊब येते, मग जाते, परत येते, हे बऱ्याच जणांना जाणवलं असेल. थॉमस लुईस या डॉक्टरने 1930 मध्ये ते मांडलं आणि त्याला नाव पडलं हंटिंग रिॲक्शन. शिकारीशी काही संबंध नाही, बोटांचं तापमान वरखाली हेलकावे खातं म्हणून. मी मात्र त्या ऊबेवर विसंबून हातमोजे चांगले आहेत असं समजत होतो.

शेवटी एकाच जोडीचा हट्ट सोडला. चालताना फक्त पातळ लोकरीचे, लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरते, सुती कधीच नाही. बसल्यावर त्यावरून मिटन, म्हणजे चारही बोटं एकाच खोळीत, एकमेकांना ऊब देत. त्याचा पुढचा भाग उघडून मागे दुमडता येतो कारण जाड बोट ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, घालणं सरळ सरळ धोक्याचं आहे, ट्रिगरला बोट टेकलंय की नाही तेच समजत नाही. ही फट म्हणजे मिटन पूर्ण वॉटरप्रूफ नाही, पण बसतो आडोशाला त्यामुळे चालतं. ओल्या कामाला पीव्हीसीचे, आतलं अस्तर सुटं होणारे, घाम येतो तो येऊ दे, दर तासाला अस्तर बदलायचं. कडाक्यात ते कडक होतात, तेवढी तक्रार आहे.

कफचा, म्हणजे हातमोज्याच्या मनगटाकडच्या भागाचाही घोळ बरेच दिवस सुटत नव्हता. हात खाली ठेवून काम असेल तर जॅकेटची बाही हातमोज्यावरून घ्यायची, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी सरळ आत. हात वर करून काम असेल तर उलट, हातमोजा बाहीवरून. कुंपणाच्या कामात दोन्ही होतं, त्यामुळे बाहीला लवचिक पट्टा लावलाय. अस्तराची सुटी जोडी जॅकेटच्या आत पोटाशी ठेवतो, बदलताना ती गरम मिळते.