कशावरून?

दर्शनी फळ्यावर ‘आजचे सामान्य ज्ञान’ लिहिण्याचं काम आठवीत माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, ‘ऑक्टोपसचे रक्त निळे असते.’ विज्ञानाचे सर फळ्यापाशी थांबले. “छान. निळं कशामुळे?”

मला सांगता येईना. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन शोधलं. प्राणवायू वाहून नेणाऱ्या आपल्या रक्तातल्या द्रव्यात लोह असतं, ऑक्टोपसच्या रक्तात त्या जागी तांबं. तेव्हापासून प्रत्येक माहितीखाली एक जादा ओळ आली: कशामुळे, किंवा कशावरून.

त्या ओळीसाठी मी केवढी वाचत सुटले! शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती २२५. पण तो तर कायम ढगांनी झाकलेला, मग त्याचं फिरणं कळलं कशावरून? ढगांच्या आरपार जाणाऱ्या रडारच्या लहरींवरून. इजिप्तमधला रोझेटाचा शिलालेख १७९९ साली सापडला. त्यावर एकच आदेश तीन लिप्यांत आहे आणि त्यातली ग्रीक वाचता येत होती. त्यातल्याच इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीत राजाचं नाव लंबगोल चौकटीत कोरलेलं असे. टॉलेमी राजाच्या नावातली अक्षरं ग्रीकशी जुळवत वाट सापडत गेली आणि १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंनी लिपीचं कोडं उलगडलं. तो दगड मला आजही फार जवळचा वाटतो.

एकदा मी लिहिलं, ‘इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ मोजला.’ खालची ओळ लिहायला फळा पुरेना. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, ऐन दुपारी, इजिप्तमधल्या सायीन शहरात सूर्य थेट डोक्यावर येई. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात सावली पडे आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरे. सूर्यकिरण समांतर येतात, तेव्हा कोनातला हा फरक पृथ्वीच्या गोलाईचा. दोन शहरांतलं अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप) धरलं, तर परीघ त्याच्या पन्नास पट, म्हणजे २,५०,००० स्टेडिया.

सर म्हणाले, “ऐन दुपार झाली हे त्याला कशावरून कळलं?”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सरांनी अख्खा वर्ग मैदानावर नेला. ओळंबा धरून काठी सरळ रोवली. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एकेक खुंटी ठोकायची. सावली आखडत गेली, थबकली, मग पुन्हा लांबू लागली. पण सगळ्यात आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडली नाही! घड्याळ बिघडलंय, असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं. सरांनी समजावलं: घड्याळ एका ठरलेल्या रेखांशाची वेळ दाखवतं, सूर्य मात्र ज्या त्या रेखांशाच्या माथ्यावर आपापल्या वेळी येतो. शिवाय वर्षभरात त्याची ती वेळही थोडी मागेपुढे होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, ‘काल आपल्या मैदानावर ऐन दुपार बारा वाजता झाली नाही.’ खाली, ‘कशावरून? आम्ही सावली मोजली.’