मुलं कंटाळत नाहीत का?

"संग्रहालयं बघायला गाडी काढून चार-चार दिवस जाता, मुलं कंटाळत नाहीत का?" तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. कंटाळतात. मीही कंटाळते. नवरा तर दुसऱ्या दालनात शिरल्या शिरल्या बाकडं शोधतो.

पहिल्या सहलीत आम्ही पाटीन् पाटी वाचत सुटलो होतो. दुपारपर्यंत धाकटा फरशीवर आडवा. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे सुट्टी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कुलूप लावलेल्या दारासमोर डबे उघडून जेवलो. तेव्हापासून सोमवार टाळतो आणि एका ठिकाणी प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची. बाकीचं चालता चालता. निवडलेल्या वस्तूपुढे मात्र फतकल मारून वहीत तिचं चित्र काढायचं, कुणाला दाखवायचं नाही, आणि मग गाडीत बाकीच्यांनी प्रश्न विचारून ती ओळखायची. हो किंवा नाही, एवढंच उत्तर.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून निघालो ते आधी औंधला. पुण्यातलं नव्हे, साताऱ्याकडचं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं बघायला लोक येतात, आम्हीही त्याचसाठी गेलो. पण धाकट्याने निवडलं इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे शिल्प. "हिला नाक-डोळे काढायचे राहिलेत, म्हणून मला सोपं." चित्र खरंच बरं आलं.

कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय लहान आहे, म्हणूनच मला आवडतं. तिथे वीतभर उंचीचा एक काशाचा देव आहे. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झालं, तिथे सापडलेला. दाढीवाला, अंगावर चिंधी नाही, एक हात वर. त्या हातात त्रिशूळ असणार, आता नाही. सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाऱ्यांची गलबतं मोसमी वारा धरून आपल्या किनाऱ्याला लागायची, त्या मालाबरोबर हा आला. मुलगी त्याच्यापुढे पाऊण तास बसली. मूठ तीनदा खोडली. रिकामी मूठ काढणं फार अवघड असतं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरताना मागच्या सीटवरून प्रश्न आला, "आई, तो समुद्रावरून एवढा वर कसा आला?" मी म्हटलं, कुठल्या तरी घाटानेच आला असणार, बैलाच्या पाठीवर. मग वळणावळणाला ती बैल मोजत होती. (धाकट्याला गाडी लागली. कागदी पिशव्या हाताशी ठेवा, हा या लेखातला एकमेव खात्रीचा सल्ला.)

रत्नागिरीत थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा गेला. सासूबाईंनी वस्तू निवडलीच नाही. सज्जात उभ्या राहून बराच वेळ समुद्राकडे बघत होत्या. गाडीत आम्ही वीस प्रश्न विचारले, सगळ्यांना "नाही". आजी चीटिंग करते असं ठरलं.

झाडगावचं मत्स्यालय शेवटी ठेवलं होतं, लाच म्हणून. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे, सगळे आधी तिकडेच धावतात. धाकटा मात्र समुद्रघोड्याच्या टाकीला नाक लावून उभा. हा पोहतो कमी, शेपटी कशाला तरी गुंडाळून धरतो आणि तसाच डुलत राहतो. अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात असं सांगितल्यावर त्याने वळून बाबाच्या पोटाकडे नीट पाहिलं. बाबा म्हणाला, "ते जेवणाचं आहे."

मुलगी एकाही टाकीपुढे बसली नाही. दमली असेल म्हणून मी सोडून दिलं. परतीच्या वाटेवर तिची पाळी आली. सजीव? हो. पाण्यातला? हो. आणि नाही. काशाचा? हो! सगळ्यांनी हार मानल्यावर तिने वही पुढे केली. कोल्हापूरचंच पान होतं. खोडून खोडून काळ्या झालेल्या त्या मुठीला एक समुद्रघोडा शेपटी गुंडाळून बसला होता.