आधीच बाजूला काढलेले मोदक

माझ्या लहानपणी, अहमदनगरमधल्या आमच्या चाळीत, गणेश चतुर्थीच्या दुपारी शेजारच्या काकू आमच्या दारात येत तेव्हा त्यांच्या हातातल्या ताटलीवर झाकण असे आणि तोंडी एक वाक्य ठरलेले असे: "हे नैवेद्याचे नाहीत हं, आधीच बाजूला काढलेत." माझी आजी मग निर्धास्तपणे ताटली घेई, रिकामी परत करायची नाही म्हणून तीत मूठभर साखर घाली, आणि नाताळात तीच ताटली करंज्या-चकल्यांनी भरून काकूंकडे जाई. काकूंनी पवित्र शास्त्र कधी उघडूनही पाहिले नसेल. तरी प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या आठव्या अध्यायावरचे इतके नेमके भाष्य मला पुढे एकाही उपदेशात ऐकायला मिळाले नाही.

त्या अध्यायाची सुरुवातच मराठी शास्त्रात मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याच्या उल्लेखाने होते. युरोपातल्या वाचकाला तिथे टीप वाचावी लागत असेल. आपल्याला शेजारचे दार आठवते. म्हणूनच ख्रिस्ती स्वातंत्र्य, देवाची कृपा आणि आपल्या वागण्याचा दुसऱ्या विश्वासी माणसावर होणारा परिणाम हा विषय मराठी ख्रिस्ती माणसाला पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. तो दरवर्षी भाद्रपदात दाराशी येऊन उभा राहतो.

पौलाच्या काळचे ग्रीसमधले करिंथ हे तसे नवे शहर होते. रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये जुने शहर उद्ध्वस्त केले आणि सुमारे शंभर वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने तिथे रोमन वसाहत स्थापली. दोन बंदरांच्या मधोमध वसलेल्या या व्यापारी गावात पौल दीड वर्ष राहिला. अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या तिथल्या मंदिराच्या आवारात उत्खननात भोजनाच्या खोल्या सापडल्या आहेत. देवळात जेवायला बसणे म्हणजे नेमके काय, याची त्यावरून कल्पना येते. आपल्याकडे मंगल कार्यालयाचे आमंत्रण येते तसे देवळातल्या जेवणाचे आमंत्रण तिथे येत असे, आणि ते नाकारणारा माणूस धंद्यातून, नात्यांतून आणि ओळखींतून आपोआप बाहेर पडत असे. करिंथच्या मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातल्या, काही जाणत्या लोकांनी यावर तोड काढली होती: देव एकच आहे, मूर्ती काही नाही, म्हणून तिच्यापुढे ठेवलेले अन्नही नुसते अन्नच आहे.

विशेष म्हणजे पौल हा मुद्दा मान्य करतो. मूर्ती काहीच नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याची हरकत ज्ञानाला नसून ज्ञानाच्या ताठ्याला आहे. बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता विकत घ्या, असे तो सांगतो. अविश्वासी माणसाने घरी बोलावले तर वाढलेले खा, असेही सांगतो. पण तिथे कोणी "हे देवाला वाहिलेले आहे" असे सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. आणि देवळातल्या पंगतीविषयी तो सर्वात कडक आहे, कारण तिथे तुम्हाला बसलेले पाहून दुर्बळ विवेकबुद्धीचा भाऊही बसेल, आणि ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो तुमच्या ज्ञानामुळे नाश पावेल. अन्न एकच, खाणाराही एकच. निर्णय बदलतो तो पाहणारा कोण आहे यावर. नियमांची वही हाती असावी असे वाटणाऱ्यांना हे उत्तर निसरडे वाटते. मलाही बरीच वर्षे वाटत असे.

मग एके वर्षी मी स्वतःच त्या अध्यायात जाऊन बसलो. आमच्या घरी दर गुरुवारी भरणाऱ्या प्रार्थनासभेला तेव्हा एक तरुण येऊ लागला होता. त्याची आई देवीची भक्त होती, गळ्यात कवड्यांची माळ घालून मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा मागणारी. लहानपणी हा मुलगा आजारातून वाचला तेव्हा तिने देवीला नवस बोलला होता, आणि नवरात्रात परडी उचलण्याचे काम तेव्हापासून त्याच्याकडे होते. त्याने बाप्तिस्मा घेतल्याला वर्षही झाले नव्हते. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या महाप्रसादाला मी पंगतीत बसलो होतो. शेजाऱ्यांशी संबंध राखावेत, आपण कोणी वेगळे नाही हे दिसावे, असा माझा हेतू होता आणि तो आजही मला वाईट वाटत नाही. तो तरुण मंडपाच्या कडेला घुटमळताना दिसला तेव्हा मात्र मी हाक मारली: "अरे बस, आपण कृपेत आहोत." तो बसला. शिराही त्याने सगळा खाल्ला.

महिन्याभराने नवरात्र आले. आईने परडी पुढे केली तेव्हा त्याने ती उचलली, प्रसाद घेतला, आणि त्यानंतर कित्येक आठवडे तो सभेला आला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. रात्री झोप लागत नाही, देवी आणि ख्रिस्त दोघेही आपल्यावर कोपले आहेत असे वाटते, असे तो म्हणाला, आणि मग अगदी शांतपणे, कुठलाही आरोप न करता, त्याने मला सांगितले: "दादा, तुमच्यासाठी तो शिरा होता. मी मात्र परत सही करून आलो."

ग्रंथांत 'दुर्बळ' या शब्दावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत, परंतु त्या एका वाक्यात मला तो शब्द कळला. दुर्बळ म्हणजे कमी अकलेचा किंवा कमी श्रद्धेचा नव्हे. ज्या सवयीतून, भीतीतून आणि नात्यातून माणूस नुकताच बाहेर आला आहे, त्यांची पकड अजून त्याच्या अंगावर आहे. माझ्या पाठीशी चार पिढ्यांचे ख्रिस्तीपण होते, त्याच्या पाठीशी अकरा महिने. मी जे स्वातंत्र्य म्हणून केले ते त्याने माझ्या भरवशावर केले, स्वतःच्या विवेकबुद्धीविरुद्ध केले, आणि तो मोडला. 'कृपा' हा शब्द मी त्या मंडपात एखाद्या पासासारखा वापरला होता, हे मला त्याच्या दारातून परत येताना फार उशिरा उमगले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. महाप्रसादाची बातमी मंडळीत पोहोचली तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने मला उपासनेनंतर बाजूला घेतले आणि कठोर स्वरात सांगितले, "तुमच्या वागण्यामुळे मला ठेच लागली." हे गृहस्थ जन्माने ख्रिस्ती. माझ्याकडे पाहून ते उद्या एखाद्या मूर्तीपुढे बसण्याची शक्यता शून्य होती. याच गृहस्थांना उपासनेत तबला वाजला की ठेच लागे, लग्नातल्या हळदीने लागे, मुलींनी पंजाबी ड्रेस घालून गायनवृंदात उभे राहिल्यानेही लागे. त्यांना राग आला होता, आणि रागाला त्यांनी पौलाचे नाव दिले होते. पौल ज्या ठेचेविषयी लिहितो तिच्यामुळे माणूस खरोखर पडतो. इथे कोणीच पडत नव्हते, फक्त एकाची नापसंती सर्वांनी पाळावी अशी मागणी होती. मंडळ्यांमध्ये या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की सर्वांत निब्बर कातडीचा माणूस 'दुर्बळ भाऊ' होऊन बसतो आणि खरा दुर्बळ भाऊ मागच्या बाकावरून निघून गेलेला कोणाच्या लक्षातही येत नाही.

पौलाने नमते घेण्यालाही सीमा घातली होती, हे इथे सांगायला हवे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासी लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली तेव्हा त्यांना भिऊन तो पंगतीतून मागे सरला, आणि पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्यामागे गेला. त्या वेळी पौलाने "भाऊ दुर्बळ आहेत, सांभाळून घ्या" असे म्हटले नाही. त्याने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर जाब विचारला. यहुदी लोकांमध्ये काम करणे सोपे जावे म्हणून आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करणाऱ्या पौलाने, तारणासाठी सुंता हवीच असे म्हणणाऱ्यांपुढे, दुसरा सहकारी तीत याची सुंता होऊ दिली नाही. जिथे कृपेला अट जोडली जाते तिथे नमते घेणे म्हणजे कृपाच सोडणे, असा तो हिशेब आहे. एकत्र जेवण्याच्या पंगतीवरून हा संघर्ष पेटला, यात महाराष्ट्रातल्या वाचकाला नवल वाटू नये.

आमच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि इथल्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे महार व मांग समाजातून आलेली आहेत. ज्या पूर्वजांना गावच्या जत्रेत देवापुढे वाजवायचे काम होते पण देवळाची पायरी वर्ज्य होती, त्यांच्यासाठी प्रसाद नाकारणे हा धर्मशास्त्राचा बारकावा नव्हता. गावकीच्या अपमानातून बाहेर पडल्याची ती खूण होती. माझी आजी नैवेद्याचा मोदक घेत नसे याचे एक कारण तेही असावे असे मला आता वाटते. उलट, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसाकडे लोक त्याच्या ताटावरून पाहत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण मांसाहार स्वीकारला नाही, आणि तिथल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रांतून त्यांना ठाम उत्तरे दिली: पूर्वजांच्या ज्या रीती पाळण्यात कोणाचे नुकसान नाही, त्या आपण पाळणार. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केवळ भाजीपाला खाणाऱ्याला पौल दुर्बळ म्हणतो. त्या मापाने रमाबाई दुर्बळ ठरतील. वाँटेजच्या त्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्यांच्याइतकी बळकट विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाची असेल, असे मला तरी वाटत नाही. शास्त्रातले शब्द माणसांवर चिकटवताना हे लक्षात ठेवलेले बरे.

युरोपातही हा प्रश्न ताटातूनच पुढे आला होता. १५२२ च्या ईस्टरपूर्व उपवासकाळात, मांस वर्ज्य असताना, झुरिकमध्ये क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी कामगारांनी सॉसेज खाल्ले. हजर असलेल्या धर्मसुधारक झ्विंग्लीने स्वतः खाल्ले नाही, मात्र पुढे व्यासपीठावरून त्यांची बाजू घेतली. त्याच मार्चमध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथर विटेनबर्गला परतला आणि सलग आठ दिवस उपदेश करून त्याने आपल्याच अनुयायांना खडसावले: तुमच्या सुधारणा बरोबर आहेत, पण त्या करताना तुम्ही मागे राहिलेल्यांकडे पाहिले नाही. सूर्याचे उदाहरण त्याने तिथे दिले. विश्वास प्रकाशासारखा सरळ जातो, वाकत नाही. प्रीती उष्णतेसारखी असते, ती जिथे गरज आहे तिथे वळते. झ्विंग्लीची भूमिका तर्काला पटते. ल्यूथरची मला त्या तरुणाच्या दारात आठवली.

पौलाच्या युक्तिवादातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग नवव्या अध्यायात आहे, आणि तो नैवेद्याच्या चर्चेत सहसा वाचला जात नाही. तिथे तो अचानक स्वतःच्या पगाराविषयी बोलू लागतो. सुवार्ता सांगणाऱ्याने त्यावर उपजीविका करणे हा त्याचा हक्क होता, तो हक्क तो शास्त्राधारे सिद्धही करतो, आणि मग सांगतो की मी तो वापरला नाही. तंबू शिवून पोट भरले. हक्क आधी पूर्ण सिद्ध करायचा आणि मग सोडायचा, हा क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्याने हिसकावलेले स्वातंत्र्य म्हणजे त्याग नव्हे, ती लूट झाली. ज्येष्ठ सभासदाने माझ्याकडे मागितले ते हे. तरुणाने काहीच मागितले नाही, आणि त्याच्यासाठी सोडण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते.

तेव्हापासून मी सोसायटीच्या महाप्रसादाला मंडपात वाढपी म्हणून उभा राहतो, पंगतीत बसत नाही. कोणाला वावगे वाटले नाही; भांडी उचलणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. ज्येष्ठ सभासदांना मात्र तेही रुचले नाही, आणि या बाबतीत मी त्यांचे ऐकलेले नाही. तबलाही वाजतोच.

तो तरुण सभेत परतायला जवळजवळ वर्ष लागले. आईशी त्याचे बोलणे तुटू नये म्हणून आम्ही बरेच जपलो. गेल्या नाताळात तो तिला प्रथमच आमच्या घरी घेऊन आला. गळ्यातल्या कवड्यांच्या माळेवरून पदर सारखा करीत त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. माझ्या पत्नीने फराळाची ताटली पुढे केली, तेव्हा त्यांनी करंजीला हात लावण्याआधी मुलाकडे पाहिले आणि मग मला विचारले, "हे तुमच्या देवाला दाखवलेलं आहे का, दादा?"

"आमच्यात दाखवत नाहीत, मावशी. तुमच्यासाठी आधीच बाजूला काढलंय," असे मी म्हणालो. त्यांनी अर्धी करंजी तिथेच खाल्ली आणि उरलेली अर्धी पदराच्या टोकाला बांधून घेतली.