हात सैल सोडायला शिकवताना

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेच्या दिवशी आमच्या सॉफ्टबॉल संघाच्या पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्या मुलीने, सकाळपासून तीन सामने टाकले. तिसऱ्या सामन्याच्या चौथ्या इनिंगला ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, खांदा दुखून राह्यला." मी तिला पाणी पाजलं, खांदा चोळून दिला आणि परत पिचिंग प्लेटवर, म्हणजे बॉल टाकायच्या जागेवर, पाठवलं. सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी तिला स्वतःची वेणी घालता येईना.

ती आठवीतली, १३ वर्षांची. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फाटलेलं काही नाही, पण दंडाच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे बायसेप्सला, खांद्याशी जोडणारा बंध सुजलाय. मग त्यांनी विचारलं, "ही दिवसाला किती बॉल टाकते?" मला आकडा सांगता आला नाही. मी कधी मोजलेच नव्हते.

का मोजले नव्हते, तर सॉफ्टबॉलमध्ये हात पूर्ण गोल फिरवून बॉल खालून सोडतात, आणि खालून टाकला की हाताला त्रास होत नाही असं आमच्याकडे सगळेच मानतात, आणि मीही मानत होते. डॉक्टरांनी मला कागदावर गोल काढून दाखवलं. हात वरून खाली वेगाने येतो तेव्हा तो खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जातो, आणि ही ओढ शरीराच्या वजनाच्या जवळपास पोहोचू शकते. ती आवरायला बायसेप्स एकाच वेळी कोपर आणि खांदा दोन्ही धरून ठेवतो. ४० किलोची पोर, एका दिवसात तीन सामने, आणि तिच्यामागे दुसरी पिचर नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तीन आठवडे बॉल बंद. तिची आई शाळेत आली. रागावली नाही, एवढंच म्हणाली, "मॅडम, पोरीचा हात नीट राहू द्या, बाकी काही नको."

त्या तीन आठवड्यांत मी तिचे जुने व्हिडिओ काढून बसले. स्पर्धेआधी सरावात मोबाईलवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमने, मुलींनी हौसेने घेतलेले. शेजारी जपानच्या युकिको उएनोचे व्हिडिओ लावले. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ बॉल टाकून सुवर्णपदक आणणारी ही पिचर, आणि २०२१मध्ये टोकियोत ३९व्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात उतरून जिंकलेली. मुलींना तो ४१३चा आकडा फार आवडतो. मला आता त्याची धास्ती वाटते, कारण त्या वेळी उएनो २६ वर्षांची पूर्ण वाढ झालेली खेळाडू होती, आणि आठवीतल्या मुलीची हाडं अजून वाढत असतात.

दोन्ही व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिले तेव्हा माझ्या शिकवण्यातल्या चुका समोर आल्या. मी मुलींना तीन गोष्टी घोटून घेत होते: सुटताना मनगट झटका, बॉल सुटल्यावर कोपर वर कॅचरकडे (समोर बॉल झेलणारीकडे) न्या, आणि कंबर जोरात बंद करा, म्हणजे कॅचरकडे वळवा. मलाही तसंच शिकवलं होतं. उएनोच्या हातात यातलं काहीच दिसेना. हात मागे आडवा आला, घड्याळात नऊ वाजतात तसा, की तिचं कोपर किंचित वाकलेलं असतं आणि तळवा आभाळाकडे असतो. तिथून करंगळीची बाजू पुढे ठेवून हात खाली येतो, कोपराजवळचा भाग कमरेला घासतो, तिथे दंड मंदावतो आणि कोपराखालचा हात सटकन आत वळत पुढे जातो. बॉल गेल्यावर हात सैल, पोटासमोर. कंबर त्या क्षणी अर्धी उघडीच असते. माझी पोर मात्र तळवा आधीच कॅचरकडे करून ताठ हाताने बॉल ढकलत होती. ढकलताना कोपर वळत नाही, मग सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा सुरुवात केली, ती बॉलशिवाय. लांब मोज्यात टेनिसचा चेंडू घालून गाठ मारली. मोजा हातात धरून पूर्ण गोल फिरवायचा, सोडायचा नाही. हात ताठ असला की मोजा नुसता हेलकावतो. सैल असला तर कमरेपाशी त्याला फटका बसतो आणि आवाज येतो. तिला जमेना. शिकलेलं अंगातून काढणं नवं शिकण्याहून अवघड असतं, हे मी रोज बघत होते. "सैल सोड" म्हटलं की ती आणखी आवळायची.

मग एकदा तीच म्हणाली, "मॅडम, हे गोफणीसारखं आहे काय? आबा ज्वारीत पाखरं हाकलायले फिरवते." दुसऱ्या दिवशी ती गोफण घेऊन आली. मैदानाच्या टोकाला, कुणी नसताना, तिने मातीचं ढेकूळ घालून फिरवली. गोफण फिरवताना ती हात आवळत नव्हती, शेवटी ओढतही नव्हती. मी तिला म्हटलं, हाच हात मला पाहिजे. त्या आठवड्यात मोजा वाजायला लागला.

पायांचं काम वेगळंच निघालं. पुढचा पाय रोवला जाऊन शरीर थांबलं तरच हाताला वेग मिळतो. आमचं मैदान काळ्या मातीचं, आणि पिचिंग प्लेटपुढे पाय पडतो तिथे खड्डा झालेला. तिचा पाय दर वेळी घसरायचा, शरीर पुढे वाहायचं आणि तूट हाताने भरून काढावी लागायची. मी वर्षानुवर्षं "जोर लाव" म्हणत राहिले आणि पायाखाली कधी पाहिलं नाही! पोरींनी चार घमेली मुरूम आणून तो खड्डा भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला. पुढचा पाय साधारण ४५ अंशांत तिरका पडला पाहिजे, म्हणून चुन्याची रेघ मारली. मागच्या पायाचा अंगठा जमिनीवर ओढत आणायचा, उडी नाही.

रडार गन आमच्याकडे नाही. वेग मोजायला मोबाईलच वापरला. पिचिंग प्लेटपासून समोरच्या, बॅटरच्या प्लेटपर्यंत ४० फूट, बॉल सुटतो साधारण पाच फूट पुढे, म्हणजे ३५ फुटांचा प्रवास. सुटल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. जुन्या व्हिडिओत १८० फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद, ताशी ५१ किलोमीटरच्या आसपास. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी दर वेळी चूक तीच, त्यामुळे तुलना करता येते.

डिसेंबरात नेम पार गेला. बॉल कॅचरच्या डोक्यावरून, कधी जमिनीवर आपटून. शाळेतले दुसरे शिक्षक म्हणाले, चांगली पिचर बिघडवली. मला स्वतःलाही तशी भीती होती. तरीही स्ट्राईक, म्हणजे नेमात बसणारे बॉल, मागायच्या नाहीत असं ठरवलं. दहा फुटांवर जाळी लावली आणि नुसतं जाळीत टाकायचं. नेमाकडे लक्ष गेलं की मुलगी हात आवळते, आणि आवळलेला हात ढकलतो. आठवड्यात तीन दिवस, दिवसाला ६० बॉल, प्रत्येक बॉल वहीत. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर आकडा काहीही असो, थांबायचं, आणि हे ठरवणारी ती, मी नाही. पहिल्यांदा तिने हात वर करून "आज बस" म्हटलं तेव्हा ४१ झाले होते. मला बरं वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी १५३ फ्रेम. ताशी ६० किलोमीटर. तिने तीनदा मोजून घेतलं. नेम तोवर बराचसा परतला होता, आणि खांदा पुन्हा तसा दुखलेला नव्हता.

पुढच्या हंगामाआधी मी आणखी दोघींना पिचिंगला घेतलं. हे सगळ्यात कठीण गेलं. ती नाराज झाली, बोलेना. मी तिला सामन्यांची वही दाखवली: मागच्या स्पर्धेत एका दिवसात तिने किती बॉल टाकले असतील ते स्कोअरशीटवरून आम्ही दोघींनी बसून काढलं. २८० च्या वर गेलं. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. जिल्ह्याला दुसऱ्या सामन्यात मी दुसरीला उतरवलं आणि आम्ही दोन धावांनी हरलो. घरी येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती, वेणी स्वतः घातलेली.

जूनपासून सहावीतल्या दोघी नव्याने येतात. त्यांच्या हातात बॉल अजून दिलेला नाही. मोजा दिलाय, आणि तो वाजला की नाही ते ऐकायला तीच त्यांच्याजवळ उभी असते.