गॉडफादरचं मांजर आणि आमचे राजपार्टी काका

वेंगुर्ल्याला आमच्या काकांबरोबर ‘द गॉडफादर’ (१९७२) बघायचा म्हणजे निम्मा सिनेमा आणि निम्मी त्यांची टिप्पणी. काका दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, राजपार्ट (राजाची भूमिका) करतात. तिथे लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचायला लागतात. गॉडफादर झालेला मार्लन ब्रँडो इकडेतिकडे लावलेल्या कागदांवरचे संवाद वाचून बोलायचा, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मगे आमीच बरे मां!"

ब्रँडोच्या मांडीवरचं मांजर पटकथेत नव्हतंच. स्टुडिओच्या आवारात भटकणारं ते मांजर दिग्दर्शक कोपोलाने त्याच्या हाती दिलं. त्याची गुरगुर एवढी, की संवाद नीट ऐकू येईनात. सिनेमात बिछान्यात सापडतं ते घोड्याचं मुंडकं मात्र खरं होतं, कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीकडून आणलेलं. (काकू जेवत असताना हे सांगू नये.)

सिनेमातलं माझं आवडतं पात्र लुका ब्रासी. ते करणारा लेनी मोंटाना मूळचा कुस्तीगीर, ब्रँडोसमोर तो वाक्यात अडखळला. कोपोलाने ते तसंच ठेवलं आणि तो आधी एकटाच वाक्य घोकतोय असं दृश्य जोडलं. काकांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्या कंपनीत नवा पोरगा अडखळला, की समोरचा राक्षस त्यावरच संवाद रचतो आणि वर टाळ्याही घेतो.