दीवच्या वाळूत कोणती पुस्तकं तग धरतात

बडोद्याहून समुद्रावर नुसतं वाचत पडायला जायचं, तर तीथल आणि दमण जवळ आहेत. पण तीथलची वाळू काळी आणि दमणचं पाणी गढूळ. म्हणून लांब पडलं तरी मी दीवच सांगेन. वासद, तारापूर, वटामण, भावनगर, महुवा, उना असा चारशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आहे. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये वाचू म्हणून कुणी जादा पुस्तक घेत असेल, तर घेऊ नये. दिवे लवकर मालवतात, आणि भावनगरनंतर हातातली ओळ जागेवर राहत नाही.

किती न्यायची, याचा हिशोब सोपा आहे. हिवाळ्यात किनाऱ्यावर वाचण्याजोगा वेळ म्हणजे सकाळी आठ ते साडेदहा आणि दुपारी चारनंतर सूर्य बुडेपर्यंत. त्यातून पोहणं, चहा, नारळपाणी वजा केलं की तीन तास उरतात. तासाला पंचवीस-तीस पानं धरली तर दिवसाला ऐंशी. तीन दिवसांना अडीचशे पानं पुरतात, म्हणजे दीडेकशे पानांची दोन पुस्तकं. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ७० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं दोनशे पानी पुस्तक सुमारे अडीचशे ग्रॅम भरतं, पाचशे पानी साडेपाचशेच्या पुढे जातं. उताणं पडून पाचशे पानी पुस्तक डोळ्यांवर धरलं की दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं.

सुट्टीतली पुस्तकं म्हटलं की कथा की कादंबरी, इथून वाद सुरू होतो. मी आधी पुस्तकाची पाठ बघायला सांगते, मजकूर मागाहून. पुस्तक मिटलेलं ठेवून कण्याचं वरचं टोक निरखा. पानांच्या घड्यांचे छोटे छोटे गठ्ठे आणि मधल्या घडीत दोरा दिसला, तर ती शिलाईची बांधणी, बिनधास्त घ्या. सुट्या पानांच्या कडा सरळ गोंदात रुतलेल्या दिसल्या, तर परफेक्ट बाइंडिंग. हा गोंद बहुधा गरम करून लावतात, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो पुन्हा मऊ पडतो आणि पानं जागची हलतात. मग कधीतरी एका हातात धरायला पुस्तक मागे दुमडलं की कणा तडकतो आणि पंधरा-वीस पानं वाऱ्याबरोबर निघतात. शिवाय नवं गोंदबांधणीचं पुस्तक स्प्रिंगसारखं मिटत राहतं. न्यायचंच असेल तर आठवडाभर आधी घरी मधूनमधून उघडून, दोन्हीकडची थोडी थोडी पानं दाबत पाठ सैल करून घ्यावी.

दिवाळी अंकाचा मोह जानेवारीतही सुटत नाही, पण किनाऱ्यावर तो कुचकामी. आकार मोठा, त्यामुळे वाऱ्यात फडफडतो. पिना मारलेला असेल तर खाऱ्या दमट हवेत पिना गंजून मधलं पान तांबूस होतं. आणि जाहिरातींच्या आर्ट पेपरला मातीचा लेप असतो. तो भिजला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना छपाईच सोलून येते. साधा मॅप्लिथो, म्हणजे लेप नसलेला छपाईचा कागद भिजून वाळला तर सुरकुततो, पण वाचता येतो.

कागदाची जाडी दीवच्या नागोआ किनाऱ्यावर गेल्यावर कळते. हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, आणि हिवाळ्यात सूर्यही दिवसभर दक्षिणेलाच असतो. समुद्राकडे पाठ केली तर ऊन थेट पानावर पडतं आणि पांढऱ्या कागदावर डोळे दिपतात. समुद्राकडे तोंड केलं तर पान सावलीत येतं, पण ऊन मागून आरपार घुसतं. पातळ कागद असेल तर मागच्या पानावरची अक्षरं उलटी होऊन पुढच्या ओळींत मिसळतात. मात्रा कुठली, अनुस्वार कुठला, ते ओळखू येत नाही. म्हणून घरीच एक पान खिडकीच्या उजेडासमोर धरून बघावं. पिवळसर, जाडसर कागद सगळ्यांत उत्तम. तिथल्या होका ताडांची सावली विरळ असते, तिच्या भरवशावर राहू नये. आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार गाठावा. शनिवार-रविवारी दारूबंदीच्या गुजरातेतून दीवला गर्दी कशासाठी लोटते, ते सांगायला नको. त्या गलक्यात वाचन होत नाही.

आता मजकूर. दर दहा मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं, त्यामुळे सहा ते दहा पानांची प्रकरणं असलेलं पुस्तक बरं. कथासंग्रह, ललितलेख, पत्रं, रोजनिशी, रहस्यकथा चालतात. वंशावळ सोबत ठेवून वाचायची ऐतिहासिक कादंबरी घरच्या पावसाळ्यासाठी राखावी. दोनपैकी एक गंभीर, एक हलकं असावं, म्हणजे दोन्ही अर्धवट राहत नाहीत.

वाचनालयाचं पुस्तक नेऊ नये. खरं तर कापडी पाठीची ती बांधणी सगळ्यांत दणकट असते, पण वाळू आणि तेलाचे डाग पुढच्या वाचकाच्या माथी कशाला? सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जे जाळं उभं केलं, त्यात खेड्यापाड्यांसाठी फिरती ग्रंथालयं होती: लाकडी पेट्या आणि आत मोजकी, निवडक पुस्तकं. त्यांच्याकडून तो मोजकेपणा उचलावा, पुस्तक नको. समुद्रासाठी पस्तीवाल्याकडून, म्हणजे रद्दीवाल्याकडून, उचललेली जुनी प्रत बरी. पान दुमडलं तरी जीव तुटत नाही.

किंडल नेणाऱ्यांनी पुस्तकं घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्यावीत. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ सहा इंची पडद्यावर मोठ्या करता करता जीव जातो, त्या नकोतच. २०१८पासूनचे पेपरव्हाइट पाण्याला टिकतात, पण गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर आणि समुद्राच्या पाण्यात जेमतेम पाव मीटर, तीन मिनिटं. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवावं आणि चार्जिंगचं भोक पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नये.

पिशवीत प्रत्येक पुस्तकाला वेगळी झिपची पिशवी, आणि औषधाच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या. लिलो चेवडा, म्हणजे बडोद्याचा बटाट्याचा ओलसर चिवडा, वाचताना खाऊ नये. त्याचं तेल कागदात उतरलं की पान आरपार दिसायला लागतं. डाग ताजा असेल तर वर टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवावी, सकाळी झटकावी. सांध्यात वाळू गेली तर पुस्तक उलटं धरून मऊ ब्रशने काढावी. बोटाने घासली की कागद खरवडतो.

लाटेत पडलेलं पुस्तक उन्हात वाळवू नये. खारट कागद हवेतली ओल ओढत राहतो, म्हणून आधी पुस्तक मिटलेलंच धरून बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवून मीठ जाऊ द्यावं. मग टॉवेलने टिपून पंख्याखाली उभं करावं आणि दर वीस-पंचवीस पानांत कोरा टिश्यू पेपर घालून तो बदलत राहावं. तेवढा वेळ नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हॉटेलच्या फ्रीजरमध्ये ठेवून द्यावं आणि निघताना घ्यावं. गोठलेलं पुस्तक सडत नाही. बडोद्याला पोचल्यावर मात्र लगेच पंख्याखाली लावावं. किनाऱ्यावरून आलेली बाकीची पुस्तकंही तीन-चार दिवस बाहेरच उभी ठेवावीत. दमट पुस्तक तसंच कपाटात गेलं, तर कसर त्या एकावर थांबत नाही.